रजिस्टरातलं वर्तुळ : ग्रंथालयाच्या डेटा जतन प्रकल्पाच्या नोंदी

१६ जून २०२५

प्राचार्यांची सही झाली. ‘संशोधन डेटा जतन’ प्रकल्प एक शैक्षणिक वर्ष चालवायचा, तीन डेटासंच हाती घ्यायचे, वेगळा निधी नाही. एक जुना डेस्कटॉप, दोन नव्या हार्ड डिस्क आणि आठवड्यातले दोन अर्धे दिवस मिळाले आहेत. देखरेख ग्रंथपाल मॅडमची, काम माझ्याकडे.

हे कशातून निघालं ते आधी लिहून ठेवते. मार्चमध्ये पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी काउंटरवर आली. २०२७ च्या सिंहस्थात गोदावरीच्या पाण्याचा अभ्यास करायचा आहे, त्यासाठी २०१५ च्या सिंहस्थातली आकडेवारी हवी, म्हणाली. आमच्याच संशोधन केंद्रातला त्या विषयावरचा प्रबंध मी तिला शोधगंगेवर (देशभरातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) पाच मिनिटांत काढून दिला. दुसऱ्या दिवशी ती परत आली. “ताई, यात सगळ्या महिन्याच्या सरासरी आहेत. पर्वणीच्या दिवशी पाणी कसं होतं ते यातून कळत नाही. मूळ रीडिंग कुठे मिळतील?”

मूळ रीडिंग ग्रंथालयात नव्हती, विभागातही नव्हती. प्रबंध लिहिणारे आता दुसऱ्या गावी शिकवतात. फोनवर म्हणाले, तो लॅपटॉप बिघडला तेव्हाच सगळं गेलं.

यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची ई-प्रत देणं बंधनकारक केलं आणि विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने शोधगंगा उभी केली, म्हणून प्रबंध तरी टिकले. प्रबंध ज्या आकड्यांवर उभा असतो ते आकडे मात्र कपाटात, पेन ड्राइव्हवर नाहीतर कुणाच्या डोक्यात राहतात. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. २९ ऑगस्ट २०१५ ला, पहिल्या शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडात किती प्राणवायू विरघळलेला होता हे आता जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत पुन्हा मोजता येणार नाही.

२४ जून

चार विभागांत जाऊन बसले. विचारायचं एवढंच : तुमच्या संशोधनातले आकडे आज, या क्षणी कुठे आहेत?

बहुतेकांनी आधी खिशातला पेन ड्राइव्ह दाखवला. काहींचं सगळं ईमेलमध्ये, स्वतःलाच पाठवलेलं. एका विद्यार्थ्याने दोन वर्षांचं सर्वेक्षण व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर फोटो काढून ठेवलं आहे, त्या ग्रुपमध्ये तो एकटाच. फायलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी बघितलेलं’. यात कुणाचा निष्काळजीपणा आहे असं मला वाटत नाही. ही माणसं शेतात, घाटावर, दवाखान्यात जाऊन मेहनतीने मोजमाप करतात. ते ठेवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

२०१४ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. १९९१ ते २०११ या काळातल्या ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागितला. निबंध जितका जुना, तितकी डेटा हाती येण्याची शक्यता कमी, आणि ती घट दर वर्षी १७ टक्क्यांची. जुने ईमेल पत्ते बंद झालेले, डेटा असलाच तर आता न चालणाऱ्या साधनांवर. मॅडमना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे दर जूनमध्ये आपण थोडं थोडं गमावतोच आहोत.”

३ जुलै

प्रबंधाचे मार्गदर्शक सर निवृत्त झाले आहेत, गंगापूर रोडला राहतात. विद्यार्थिनीला घेऊन त्यांच्याकडे गेले. सरांनी चहा व्हायच्या आत माळ्यावरून खोका उतरवला. खोक्यात तीन लांबट रजिस्टरं, जून २०१४ ते डिसेंबर २०१६. मूळ रीडिंग! विद्यार्थिनीने पहिलं रजिस्टर उघडलं आणि बराच वेळ कुणी काही बोललंच नाही.

निळ्या शाईतले रकाने : तारीख, ठिकाण, तापमान, पीएच, डी.ओ. (पाण्यात विरघळलेला प्राणवायू), बीओडी, शेरा. आनंदवली, रामकुंड, तपोवन, दसक. काही पानांवर पाण्याचे डाग, शाई पसरलेली, आकडे वाचता येतात.

मी प्रश्नांची यादी घेऊन गेले होते. पहिलाच प्रश्न बीओडीचा. ही तीन दिवसांची की पाच दिवसांची? पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात ते बीओडी सांगते. बाटली २० अंश तापमानाला पाच दिवस ठेवायची ही जुनी पद्धत. आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवण्याची पद्धत रूढ झाली. रकान्यात नुसतं ‘बीओडी’ लिहिलेलं. आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी बीओडी हवी, असा आपला निकष आहे. तेव्हा आकडा कुठल्या पद्धतीचा, यावरच तुलना उभी राहते किंवा पडते. सर क्षणभर थांबले, मग रजिस्टर उलटं करून मागच्या पुठ्ठ्याची आतली बाजू दाखवली. पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘इन्क्यु. २७°, ३ दि.’ ही ओळ प्रबंधात कुठेही नाही.

दुसरा प्रश्न शेऱ्यांचा. ‘मारुती–घोटा’, ‘मारुती–कंबर’, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ‘मारुती बुडाला’. आपण नाशिककर हे वाचून लगेच समजतो. गोदावरीला पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हीच आपली मोजपट्टी. उद्या हे आकडे दुसऱ्या राज्यातल्या कुणी उघडले तर तो मारुती शोधत बसेल. शब्द जसेच्या तसे ठेवायचे आणि सोबतच्या टिपणात अर्थ लिहायचा, असं ठरलं.

तिसरा प्रश्न सुटला नाही. डी.ओ.च्या काही आकड्यांभोवती पेन्सिलीने छोटं वर्तुळ आहे. कशाचं? सरांनी पानं मागेपुढे केली. “आठवत नाही गं. काहीतरी कारण होतं नक्की.”

११ जुलै

दुसरा डेटासंच ग्रामीण समाजशास्त्राचा. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या द्राक्ष बागायतदारांच्या मुलाखती, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. संशोधक मॅडमच्या घरच्या संगणकावर मात्र सगळं सुवाच्य. तो संगणक बंद पडला की चाळीसेक शेतकऱ्यांचं बोलणं कायमचं मुकं.

रूपांतर केलं. प्रोग्रामने बरंच नीट केलं, पण रफार चुकला. जुन्या फॉन्टमध्ये रफार डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने, अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये ‘र्’ आधी येतो. त्यामुळे ‘कर्ज’चं सगळीकडे ‘कजर्’ झालं. या मुलाखतींत कर्ज हा शब्द किती वेळा येतो ते सांगायला नको. ‘फवारणी’ ठीक, ‘मार्केट’ बिघडलेलं, ‘खर्च’ बिघडलेला, पहिली वेलांटी काही ठिकाणी शेजारच्या अक्षरावर. शोधून-बदलून निम्मं काम झालं, उरलेलं ओळीवर बोट ठेवून वाचतेय. वाचता वाचता कळतं की ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की डाऊनी या रोगाच्या धास्तीने माणूस रात्री किती वेळा उठून आभाळ बघतो. मूळ फाइल पुसायची नाही. ती तशीच एका फोल्डरमध्ये, शेजारी युनिकोड प्रत, आणि काय काय बदललं त्याची नोंद.

२२ जुलै

याच मुलाखतींवरून ग्रंथपाल मॅडमशी लांब चर्चा. सगळ्यांसाठी खुल्या करायच्या का? माझं आधी मत होतं, नावं काढली की झालं. मग एक मुलाखत पुन्हा वाचली. नाव काढलं तरी गावाचं नाव, बागेचं क्षेत्र, वाण, सोसायटीचं थकलेलं कर्ज आणि घरातला एक मृत्यू एवढं एकत्र आलं की त्या गावातला कुणीही माणूस ओळखेल. संमतीपत्र काढून पाहिलं, त्यात ‘पीएच.डी.च्या अभ्यासासाठी’ एवढंच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी काही सूट आहे. पण कायदा काय परवानगी देतो आणि त्या माणसाने आपल्याला काय सांगून आत घेतलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने अंगणात बसून विश्वासाने सांगितलं.

ठरलं ते असं. डेटासंचाचं वर्णन सगळ्यांना दिसेल : विषय, तालुके, काळ, पद्धत, प्रश्नावली. मुलाखती बंद राहतील. कुणाला हव्या असतील तर अर्ज, आणि संशोधक मॅडम शेतकऱ्यांना पुन्हा विचारतील. फेअर म्हणून जी चार तत्त्वं २०१६ मध्ये मांडली गेली (डेटा सापडावा, मिळवता यावा, दुसऱ्याशी जोडता यावा, पुन्हा वापरता यावा), त्यांत ‘सगळा खुला करा’ असं कुठेही नाही. कुठल्या अटीवर मिळेल ते स्पष्ट लिहा, एवढंच आहे. हे मी सगळ्या विभागांत मुद्दाम सांगतेय, कारण ग्रंथालयाला डेटा देणं म्हणजे तो चव्हाट्यावर मांडणं, ही भीती मोठी आहे.

एका विभागप्रमुखांनी तर सरळ नाही म्हटलं. “माझा निबंध अजून यायचाय. आधीच कुणी वापरला तर?” भीती रास्त आहे. दोन वर्षं कुलूपबंद ठेवता येतो, तारीख आली की आपोआप खुला होतो, हे समजावलं. विचार करतो म्हणाले.

१२ ऑगस्ट

ग्रंथपाल दिन, डॉ. रंगनाथन यांची जयंती. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये एक तास मिळाला. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हे त्यांचं १९३१ चं पहिलं सूत्र. फळ्यावर ते लिहून ‘ग्रंथ’ खोडला आणि ‘डेटा’ लिहिला.

बाहेर हे काम ग्रंथालयांनी कधीच हाती घेतलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने जानेवारी २०११ पासून प्रत्येक अर्जासोबत डेटा व्यवस्थापनाचा आराखडा मागायला सुरुवात केली, तेव्हा प्राध्यापक धावले ते ग्रंथालयाकडे. त्याच वर्षी एडिंबरा विद्यापीठाने डेटा धोरण केलं. हार्वर्डमध्ये घडलेलं डेटाव्हर्स हे मुक्त सॉफ्टवेअर आज कितीतरी विद्यापीठं वापरतात. २०२३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीलाही आराखडा लागतो. आपल्याकडे २०१२ मध्ये सरकारी डेटा खुला करण्याचं राष्ट्रीय धोरण आलं, डिसेंबर २०१४ मध्ये जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी मुक्त प्रवेशाचं धोरण केलं, सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरचं (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं) डेटा भांडार आहे. धोरणं आहेत. विद्यार्थ्याच्या शेजारी बसून फाइलला नाव द्यायला शिकवणारं माणूस हवं, ते ग्रंथालय देऊ शकतं.

एका पानाचा आराखडा मराठीत केला आहे. काय गोळा करणार, कुणाकडून, संमती कशाची घेतली, कुठे ठेवणार, दुसरी प्रत कुठे, तुम्ही इथून गेल्यावर कुणाला विचारायचं. शेवटच्या प्रश्नावर वर्ग थबकला. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आम्ही जाणार हे आम्ही धरलेलंच नसतं.”

३० ऑगस्ट

गणपतीची गर्दी, ग्रंथालय रिकामं, म्हणून रजिस्टरं स्प्रेडशीटमध्ये भरायचं काम पुढे सरकलं. विद्यार्थिनी वाचते, मी भरते, मग उलट.

तारखांनी छळलं. सरांनी लिहिलंय ५/७/१५. स्प्रेडशीटने काही रांगांत ते ७ मे केलं आणि पेशी (चौकट) बदलल्याचं कुठे सांगितलंही नाही. जनुकशास्त्रात हा घोळ इतका वाढला की ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशी जनुकांची नावं आपोआप तारखा होऊ लागली, आणि २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. आता सगळ्या तारखा वर्ष-महिना-दिवस : २०१५-०७-०५. फाइल साध्या सीएसव्हीत, युटीएफ-८ मध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर, कुठलंही सॉफ्टवेअर विकत न घेता उघडेल.

वर्तुळांसाठी एक रकाना केलाय. आत्ता त्यात लिहिलंय ‘खूण आहे, अर्थ अज्ञात’. वर्तुळं कुठे आहेत ते पाहिलं : २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर, १८ सप्टेंबर. तिन्ही शाही स्नानांचे दिवस. अधूनमधून दुसऱ्याही काही तारखा.

१६ सप्टेंबर

वर्तुळ सुटलं.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतात. रजिस्टर घेऊन सहज त्यांच्याकडे गेले, कारण एक-दोन पानांवरचं अक्षर सरांचं नाही, असं विद्यार्थिनीच्या लक्षात आलं होतं. मामांनी चष्मा लावला, पान बघितलं आणि लगेच म्हणाले, “हे माझंच. अन् गोल म्हणजे उशिरा आलेली बाटली.”

डी.ओ. मोजायचा तर ३०० मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न राहता पाण्याखाली भरायची आणि तिथेच, काठावर उभं राहून, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडचं द्रावण सोडायचं. तपकिरी साका बसला की प्राणवायू बांधला गेला, मग पुढचं काम प्रयोगशाळेत निवांत करता येतं. हे काठावर केलं नाही तर बाटलीतल्या बाटलीत जिवाणू प्राणवायू खात राहतात आणि आकडा बदलतो. मामा म्हणाले, “पर्वणीला रस्ते बंद. सरांची गाडी अलीकडेच अडवली, औषधांची पेटी गाडीत. मी पुढं चालत गेलो, बाटल्या भरल्या, अन् चालतच मागं आलो. गर्दीतून दोन तास गेले. सरांना म्हटलं, हे नीट नाही झालं. सर म्हणाले, गोल करून ठेव.”

म्हणजे ज्या तीन दिवसांसाठी हा डेटा शोधायला निघालो, त्याच दिवसांचे डी.ओ.चे काही आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. आणि प्रबंधातल्या सरासरीत ते तसेच मिसळले आहेत.

संध्याकाळी सरांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “बरोबर. आता आठवलं. जसं आहे तसं लिही. आकडे बदलू नकोस, काढूही नकोस.” प्रबंधलेखकांनाही कळवलं. त्यांनीही हेच सांगितलं.

ही नोंद लिहिताना माझा हात थरथरतोय, कारण मी मामांकडे गेले ते केवळ एका अक्षराच्या निमित्ताने. पुढच्या वर्षी गेले असते तर ते गावी असते.

१४ ऑक्टोबर

टिपणाची फाइल पूर्ण. पाने चार. रकाने, एककं, पद्धत, ठिकाणं, मारुतीच्या खुणांचा अर्थ, वर्तुळाची हकीकत मामांच्या सांगण्यासह. ‘नमुना स्थिती’ असा नवा रकाना : ‘काठावर स्थिरीकृत’ किंवा ‘उशिरा, अस्थिरीकृत’.

जागा ठरली. ग्रंथालयाचं डीस्पेस (डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर) आहेच, आजवर प्रश्नपत्रिका आणि लघुप्रबंधांसाठी वापरलेलं. त्यात तिन्ही संच. पाण्याचा संच शिवाय झेनोडो या ऑनलाइन डेटा भांडारात, कारण तिथे फुकटात डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. २०१३ पासून युरोपातल्या सर्नकडून चालवलं जातं, एका संचाला ५० जीबीपर्यंत जागा. आमची फाइल एका फोटोपेक्षा लहान.

मॅडमना चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, दाखवला. फाइलचा एसएचए-२५६ या पद्धतीचा चेकसम काढला, मग एका पेशीत ६.२ चं ६.३ केलं आणि पुन्हा काढला. ६४ अक्षरांची ओळ पार बदलली. दर तीन महिन्यांनी ताडून पाहायचं. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. नदीकाठच्या गावात हे वेगळं सांगावं लागत नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार. सकाळी सहाला सर, मामा, विद्यार्थिनी आणि मी घाटावर. रजिस्टरात ‘रामकुंड’ एवढंच आहे, आणि रामकुंडाला किती बाजू! सरांनी पायऱ्या उतरून जागा दाखवली. मामा म्हणाले, “नाही सर, आपण दोन पायऱ्या पुढं उभे राहायचो, पाणी वाहतं तिथं.” दोघांचं बोलणं झालं, मामांची पायरी नक्की ठरली. विद्यार्थिनीने जीपीएसची नोंद घेतली, फोटो काढला, त्यात पायरीवर मामांचे पाय आले आहेत. तो फोटोही संचात टाकतेय.

मग तपोवन, दसक. तपोवनात जुनी जागा आता झुडपांत गेली आहे, वरच्या बाजूला दहाएक पावलांवर नवी घेतली आणि फरक टिपणात लिहिला.

१२ जानेवारी २०२६

डीओआय मिळाला. निर्माते म्हणून सर आणि प्रबंधलेखक. डेटासंचांना डीओआय देणाऱ्या डेटासाइट संस्थेच्या नमुन्यात योगदानकर्त्यांचे प्रकार असतात, त्यात ‘डेटा संकलक’ असा एक आहे. तिथे मामांचं पूर्ण नाव घातलं. छापून त्यांना दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

विद्यार्थिनीचं ठरलेल्या पायरीवरचं नियमित नमुने घेणं नोव्हेंबरपासून सुरू आहे, द्रावणांची पेटी खांद्यावर. पोलिसांकडे पर्वणीच्या दिवसांसाठी संशोधकाचा पास मिळावा म्हणून विभागाकडून आत्ताच पत्र गेलं आहे, सोबत आमच्या टिपणाचं दुसरं पान जोडून.

विभागप्रमुखांनी दोन वर्षांच्या कुलपासह तिसरा संच द्यायचं कबूल केलं. पर्जन्यमापकाच्या नोंदी आहेत. गुरुवारी त्यांच्या खोलीत, अकरा वाजता. वह्या कुणी कुणी लिहिल्या ते आधी विचारायचं.